धंदेवाईक जिम थॉर्प आणि त्याचे चरित्रकार

चरित्रलेखकास जे अनेक मोह पडतात, त्यांत नायकाच्या अधःपाताचा मोह सर्वांत बलवत्तर होय. आधी चढण दाखवावी, मग शिखर दाखवावे आणि अखेर कड्यावरून कोसळलेला मनुष्य दाखवून वाचकाच्या डोळ्यांतून दोन थेंब काढावे, एवढे साधले की पुष्कळ लेखकांस चरित्र पुरे झाल्यासारखे वाटते. त्या मनुष्याने मधली वीस वर्षे कोणत्या कामात घालविली, त्या कामाचे त्यास काय मिळे आणि ते काम तो कसे करी, हे प्रश्न अशा मांडणीत अडगळ ठरतात. अमेरिकन फुटबॉलच्या धंदेवाईक खेळाचा जो आरंभकाळ, त्यातील सर्वांत ख्यातनाम खेळाडू जिम थॉर्प. त्याच्याविषयीचे लेखन आणि त्याच्यावर निघालेला बोलपट पाहताना आम्हांस हा दोष पदोपदी जाणवला. डेव्हिड मॅरनिस यांचे ‘पाथ लिट बाय लाइटनिंग’ हे २०२२ साली प्रसिद्ध झालेले विस्तृत चरित्र या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे, आणि म्हणूनच त्याच्या निमित्ताने चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले. बऱ्याच अंशी असे म्हटले, सर्वांशी म्हटले नाही. त्याचे कारण ओघाने येईल.

आमच्या वाचकांपैकी अनेकांस हा खेळ अपरिचित असेल. नाव फुटबॉल असले तरी यात पायापेक्षा हातास काम अधिक. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो छातीशी धरून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास अंगाने भिडून भुईवर पाडावयाचे, हा या खेळाचा गाभा. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेपार गेल्यास त्यास ‘टचडाऊन’ म्हणतात. लाथेने चेंडू उडवून दोन उभ्या खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून धाडल्यास ‘फील्ड गोल’ होतो व त्याचे तीन गुण मिळतात. एवढे ध्यानात ठेविले तरी पुढील मजकुरास पुरे आहे. हा खेळ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांतून वाढला, आणि विद्यापीठांत वाढला म्हणूनच त्यात पैसा घेणे हे अब्रूदार गृहस्थाचे लक्षण नव्हे अशी समजूत त्याच्याबरोबर वाढली. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी येलचा नामांकित खेळाडू विल्यम हेफेलफिंगर पिट्सबर्गच्या परिसरातील ॲलेघेनी संघाकडून एक सामना खेळला व त्याबद्दल त्यास ५०० डॉलर रोख मिळाले. क्लबाच्या जमाखर्चाच्या एका कागदावर ही रक्कम नमूद आहे, आणि तो कागद कित्येक दशकांनंतर उजेडात आला. धंदेवाईक फुटबॉलचा जन्म असा चोरून झाला.

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन शब्द मराठी वाचकास नाटकांमुळे परिचित आहेत. धंदेवाईक हा शब्द उच्चारताना आमच्याकडेही नाकास किंचित मुरड पडतच असे. परंतु किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या साऱ्या मंडळ्या धंदेवाईकच होत्या, आणि त्या तशा नसत्या तर मराठी संगीत नाटक कितीसे उरले असते? आम्ही स्वतः गेली अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी काव्य शिकवून वेतन घेत आहो. आमचे काव्यप्रेम त्यामुळे बाटले, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. खेळाच्या बाबतीत मात्र एका पिढीने असेच म्हटले, आणि ते म्हणताना ज्याचा बळी दिला तो जिम थॉर्प.

थॉर्पचा जन्म १८८७ च्या मे महिन्यात, आज ज्यास ओक्लाहोमा म्हणतात त्या प्रदेशात, सॅक आणि फॉक्स जमातीत झाला. जमातीने ठेविलेले नाव वा-थो-हक. त्याचा अर्थ कोणी ‘उजळ वाट’ असा करतात, तर मॅरनिस यांनी ‘विजेने उजळलेली वाट’ असा घेऊन त्यावरूनच ग्रंथास नाव दिले आहे. जुळा भाऊ लहानपणी वारला, मागोमाग आई आणि बापही गेले. १९०४ साली मुलगा पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत दाखल झाला. ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या सेनाधिकाऱ्याने काढली होती. मुलाचे केस कापावे, भाषा तोडावी, पोषाख बदलावा, आणि त्याच्यातील आदिवासी मारून उरलेल्यास नागरिक बनवावे, असे तिचे उघड धोरण होते. मॅरनिस यांच्या ग्रंथाचा हा भाग आम्हांस सर्वांत बळकट वाटला. इतर चरित्रकार कार्लाइलकडे खेळाडू घडविणारा आखाडा म्हणून पाहतात. मॅरनिस त्या शाळेचे दप्तर उघडून बसतात. तेथे विद्यार्थ्यांस मळेवाल्यांकडे मजुरीस धाडण्याची पद्धत होती. तिला शिक्षणाचेच अंग मानीत. थॉर्पही अशा मळ्यांवर राबला. त्याच्या वाटच्या जमिनीचे भाड्याचे पैसे सरकारी अंमलदाराच्या हाती असत, आणि स्वतःच्याच पैशासाठी त्यास अर्ज करावे लागत. ही पार्श्वभूमी मनात ठेवूनच पुढील प्रकरण वाचिले पाहिजे.

१९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात, प्रामुख्याने रॉकी माउंट या गावच्या संघाकडून, बेसबॉल खेळला. त्याचे त्यास काही डॉलर मिळाले. सामन्यास दोन डॉलरपासून आठवड्यास पस्तीस डॉलरपर्यंत निरनिराळे आकडे सांगितले जातात. सुटीत असे खेळणारे महाविद्यालयीन तरुण पुष्कळ होते. ते शहाणे असल्यामुळे खोटी नावे घेत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. मळ्यावर मजुरी केली ते शिक्षण आणि मैदानावर मजुरी केली ते पाप, हा भेद बावीस वर्षांच्या त्या पोराच्या ध्यानात यावा कसा?

पुढे १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने जे केले ते सर्वश्रुत आहे. पाच प्रकारांच्या पेंटॅथ्लॉनमध्ये चार प्रकार त्याने जिंकले. दहा प्रकारांच्या डेकॅथ्लॉनमध्ये ८४१२ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या स्वीडिश स्पर्धकास जवळजवळ सातशे गुणांनी मागे टाकिले. स्वीडनच्या राजाने त्यास जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हटले आणि त्याने राजाचे दोन शब्दांत आभार मानिले, ही कथा प्रत्येक चरित्रात असतेच. तिचा पुरावा तिच्या लौकिकाच्या मानाने फारच अशक्त आहे. पण ती गोड आहे, आणि गोड कथेस चरित्रकार सहसा उलटतपासणी करीत नाहीत.

१९१३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टरच्या एका वृत्तपत्राने रॉकी माउंटची हकीकत छापिली. थॉर्पच्या सहीचे एक पत्र अमेरिकन हौशी क्रीडासंघाकडे गेले. आपण साधा आदिवासी शाळकरी मुलगा, जगाच्या रीतीभातीत मुरलेले नव्हतो. पैशासाठी खेळलो नाही, खेळाची आवड म्हणून खेळलो. इतरांनी केले तेच केले, फरक एवढाच की त्यांनी आपली नावे लपविली, असा त्या पत्राचा आशय. पत्राची भाषा थॉर्पची की त्याचा शिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर याची, हा संशय जुना आहे. आम्ही ते पत्र पुनःपुन्हा वाचिले, आणि प्रत्येक वेळी ‘पैशासाठी खेळलो नाही’ या वाक्यापाशी अडखळलो. ज्याच्याकडून मळ्यावर मोलाने काम करवून घेतले, त्याच्याकडूनच मोलाने खेळणे लाजिरवाणे असल्याची कबुली लिहून घेणे यात जो निष्ठुरपणा आहे, तो मॅरनिस यांनी दाखविला त्याहून थोडा अधिक दाखवावयास हवा होता.

नियम असा होता की स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत हरकत घेतली पाहिजे. ती मुदत केव्हाच टळून गेली होती. तरीही पदके परत घेतली गेली. त्याच स्टॉकहोममध्ये जॉर्ज पॅटन नावाचा एक तरुण अमेरिकन लेफ्टनंट अर्वाचीन पेंटॅथ्लॉनमध्ये उतरून पाचवा आला होता. घोड्यावर बसणे, नेमबाजी, तलवार चालविणे या ज्या विद्यांची तेथे परीक्षा होती, त्याच विद्यांसाठी त्यास सरकार दरमहा पगार देत होते. तो हौशी ठरला. हे पॅटनचा अपमान करण्यासाठी लिहीत नाही. हौशीपणाच्या कल्पनेचे मूळ कोठे होते, हे यावरून कळते. इंग्लंडातील नौकास्पर्धांच्या जुन्या नियमांत तर, हाताने काबाडकष्ट करून पोट भरणारा मनुष्य हौशी मानला जाऊ नये, असे स्पष्टच असे. ज्यास पैशाची गरज नाही त्याची शुद्धता ती शुद्धता! वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक यांनी आपण अंधारात होतो असे सांगितले. मॅरनिस यांनी कागदपत्रांच्या आधारे ते सांगणे खोटे ठरविले आहे, आणि हे करताना त्यांची लेखणी कोठेही तापत नाही. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने कार्लाइलची चौकशी केली तेव्हा खेळाच्या मिळकतीच्या निधीचा गैरव्यवहार उघडकीस आला. चारच वर्षांनी, १९१८ मध्ये, शाळाही बंद झाली.

येथे बहुतेक चरित्रांचा पूर्वार्ध संपतो व लेखकाचा स्वर खाली येतो. आता उतरण लागली, असे वाचकास सुचविले जाते. आमचा मतभेद येथूनच सुरू होतो.

१९१५ च्या शरदात ओहायो प्रांतातील कँटन या गिरण्या-कारखान्यांच्या गावी जॅक क्यूसॅक नावाचा तरुण फुटबॉलचा संघ चालवीत होता. सात-आठ मैलांवरचे मॅसिलन हे त्यांचे हाडवैरी गाव. १९०६ साली या दोन गावांच्या सामन्यांत पैजांचा काहीतरी काळाबाजार झाल्याचा बोभाटा होऊन धंदेवाईक खेळाची तेथे पुरी नाचक्की झालेली होती. क्यूसॅकने थॉर्पला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. दिवाळे काढाल, असे त्याच्या सल्लागारांनी बजाविले. क्यूसॅकच्या आठवणींप्रमाणे एरवी बाराशेच्या आसपास भरणारे मैदान मॅसिलनविरुद्धच्या दोन सामन्यांस सहा आणि आठ हजारांनी भरले. ही रक्कम हिशेबाच्या कागदात दडविली गेली नाही. साऱ्या गावास ती ठाऊक होती. हेफेलफिंगरला जे चोरून मिळाले व थॉर्पला ज्यापायी पदके गमवावी लागली, तेच आता दरवाज्यावर तिकिटे विकून उजळ माथ्याने दिले जात होते.

पहिला सामना कँटनने १६ विरुद्ध शून्याने गमाविला. २८ नोव्हेंबरचा दुसरा सामना मात्र एखाद्या प्रहसनकाराने रचावा तसा झाला. थॉर्पने दोन फील्ड गोल करून सहा गुण मिळविले. गर्दी इतकी की अंत्यरेषेच्या आतही प्रेक्षक उभे होते. त्यांच्यात कोणी शिरल्यास चेंडू बाहेर येईतो त्याच्या हाती असला पाहिजे, असा त्या दिवसापुरता नियम ठरविण्यात आला. शेवटच्या क्षणांत मॅसिलनचा ब्रिग्ज चेंडू घेऊन त्या गर्दीत घुसला; चेंडू बाहेर आला तो कँटनच्या खेळाडूच्या हाती. ब्रिग्ज ओरडत सुटला की पितळी गुंड्यांचा कोट घातलेल्या एका पोलिसाने माझ्या हातचा चेंडू लाथेने उडविला. पण त्या गावी तशा गणवेशाचा पोलीसच नव्हता! प्रेक्षक मैदानात घुसले. पंचांनी निर्णय दिला तो लखोट्यात बंद करून. तो कँटनच्या एका हॉटेलात मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने उघडावयाचा, म्हणजे तोवर पंच गावाबाहेर सुखरूप पोहोचलेले असावेत. निर्णय कँटनच्या बाजूचा होता. कित्येक वर्षांनी एका ट्रामच्या कंडक्टरने क्यूसॅकजवळ कबूल केले की तो पितळी गुंड्यांचा गृहस्थ आपणच; कँटनवर तीस डॉलर लावले होते, आणि तीस डॉलर ही आपल्यासारख्यास थोडकी रक्कम नव्हती. क्यूसॅकच्या आठवणींतला हा प्रसंग आम्ही इतका विस्ताराने दिला, कारण स्टॉकहोमच्या राजाहून हा कंडक्टर आम्हांस त्या खेळाच्या अधिक जवळचा वाटतो.

याच दोन सामन्यांत मॅसिलनकडून क्नूट रॉकने खेळत होता. तो पुढे नोत्र दाम विद्यापीठाचा विख्यात शिक्षक झाला. त्याच्या नावावर एक आख्यायिका सांगतात. रॉकनेने थॉर्पला एक-दोनदा पाडले, तेव्हा थॉर्प त्यास म्हणाला की असे करू नकोस, ही मंडळी जिमला धावताना पाहावयास आली आहेत. पुढच्या खेपेस थॉर्प रॉकनेच्या अंगावरून सरळ निघून गेला, टचडाऊन केले, आणि परत येऊन, जिमला धावू दिलेस हे बरे केलेस, अशी त्याची पाठ थोपटली. आख्यायिका सुंदर आहे. पण गुणफलक तिच्या आड येतो. पहिल्या सामन्यात कँटनला भोपळा, दुसऱ्यात दोन फील्ड गोलांचे सहा. म्हणजे त्या वर्षी मॅसिलनविरुद्ध थॉर्पचे टचडाऊन झालेच नाही. कथेचा उत्तरार्ध म्हणून टाकून द्यावा लागतो. पूर्वार्ध मात्र खोटा असला तरी एका अर्थी खरा आहे. लोकांनी पैसे मोजले आहेत, त्यांस धावणारा जिम दिसला पाहिजे, ही जाणीव धंदेवाईकाची आहे, आणि तीत हिणकस असे आम्हांस काही दिसत नाही. नटाच्या अंगी हीच जाणीव असली तर आम्ही तिला निष्ठा म्हणतो.

१९१६, १९१७ आणि १९१९ या तिन्ही वर्षी कँटनच्या संघाने ओहायोतील अजिंक्यपद आपले म्हणविले. त्याच काळात उन्हाळ्यात थॉर्प वरिष्ठ बेसबॉल खेळत होता. तेथे तो मध्यम प्रतीचा खेळाडू गणला गेला. १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटनमध्ये राल्फ हे या मोटारविक्याच्या दुकानात निरनिराळ्या संघांचे चालक जमले. खुर्च्या पुरेनात, म्हणून मंडळी विक्रीच्या मोटारींच्या पायऱ्यांवर बसली. तेथे जी संघटना स्थापन झाली ती १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि आज तिचा व्याप केवढा आहे हे सांगावयास नको. तिचा पहिला अध्यक्ष म्हणून निवड झाली ती जिम थॉर्पची. सभासदत्वाची शंभर डॉलर वर्गणी ठरली, पण ती कोणी भरली नाही असे म्हणतात. अध्यक्ष स्वतः मैदानावर खेळतच राहिला व पुढच्याच वर्षी जो कार या अनुभवी कारभाऱ्याने ते पद घेतले. हे अध्यक्षपद नाममात्र होते, असे सारे इतिहासकार बजावून सांगतात. असेल, कारभार थॉर्पचा प्रांत नव्हताच. पण नाममात्र म्हणजे नावापुरते, आणि प्रश्न आहे तो नावाचाच. सात वर्षांपूर्वी पैसे घेऊन खेळला म्हणून जे नाव ऑलिंपिकच्या यादीतून खोडले गेले, तेच नाव पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या पहिल्या संस्थेने आपली पत वाढावी म्हणून माथ्यावर धारण केले. थॉर्पच्या चरित्राचे मध्यबिंदू आम्ही येथे मानतो. मॅरनिस यांच्या ग्रंथात हा प्रसंग आहे, नीट सांगितलेलाही आहे. परंतु तो वाटेवरचे एक गाव म्हणून येतो. ज्या लेखकाने वुस्टरच्या बातमीचा इतक्या चिकाटीने माग काढिला, त्याने मोटारीच्या दुकानातही क्षणभर अधिक थांबावयास हवे होते.

कोणी म्हणेल की हे धंदेवाईक मैदान म्हणजे तुम्ही स्वर्ग करून ठेविला. तसे नाही. १९२२ साली ओहायोतल्याच लारू या हजाराहून कमी वस्तीच्या खेड्यातील वॉल्टर लिंगो याने ‘ऊरँग इंडियन्स’ नावाचा संघ काढिला. लिंगोचा धंदा एअरडेल जातीचे कुत्रे विकण्याचा. संघाचा परवाना शंभर डॉलरला मिळाला, आणि त्याच्या एका कुत्र्याची किंमत त्याहून अधिक होती. सारे खेळाडू आदिवासी. थॉर्प त्यांचा शिक्षक व मुख्य खेळाडू. मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती न घेता कुत्र्यांचे खेळ, कुऱ्हाडफेक, जमातीचे नाच करून दाखवावयाचे. जाहिरात कुत्र्यांची व्हावयाची. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकिले, सहा हरले; दुसऱ्या वर्षी एक जिंकिला, दहा हरले; आणि संघ मोडला. ज्या वेषभूषेस कार्लाइलने रानटी म्हणून जाळले, तीच येथे तिकिटाच्या पैशात घालावयास लाविली. पैसा माणसास मोकळे करतो तसा त्याचे सोंगही करतो, ही गोष्ट आमच्या प्रतिपादनास गैरसोयीची असली तरी लपविण्यात अर्थ नाही. त्याच लीगमध्ये पहिल्या वर्षी अजिंक्य ठरलेल्या ॲक्रनच्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णी खेळाडू होता, पुढच्या वर्षी तो शिक्षकही झाला. आणि त्याच लीगने १९३४ पासून बारा वर्षे कृष्णवर्णीयांस दार बंद ठेविले. तिकिटाच्या खिडकीस नीती असते, असे आमचे म्हणणे नाही.

थॉर्प त्यानंतर रॉक आयलंड, न्यूयॉर्क, पुन्हा कँटन असा फिरत राहिला. १९२८ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी शिकागो कार्डिनल्सकडून तो एकच सामना खेळला. बेअर्स संघाने तो ३४ विरुद्ध शून्याने जिंकिला.

आता बोलपटाविषयी. १९५१ चा ‘जिम थॉर्प : ऑल-अमेरिकन’ मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केला, नायकाचे काम बर्ट लँकेस्टर यांनी केले. लँकेस्टर यांच्या शरीरसंपत्तीविषयी तक्रार नाही, आणि कार्लाइलमधील आरंभीचे प्रसंग वेधक आहेत. परंतु कथा सांगतो कोण? पॉप वॉर्नर! ज्याने आणीबाणीच्या वेळी शिष्यास एकटे सोडिले, तोच गुरू सत्कारसमारंभात उभा राहून करुण स्वरात त्याची जीवनकथा निवेदन करतो. निवेदक निवडताच बोलपटाचा निकाल लागला. वॉर्नरच्या तोंडून १९१३ चे खरे कारण येणे शक्य नव्हते. म्हणून दोष नायकाच्या स्वभावात शोधणे भाग पडले. पुत्राच्या मृत्यूने तो खचतो, पत्नी सोडून जाते, व्यसन वाढते. थॉर्पचा थोरला मुलगा खरोखरच १९१८ मध्ये, अवघ्या तीन वर्षांचा असताना वारला, आणि मद्यपानही खोटे नव्हे. पण मृत्यूनंतरचे १९१९ हे साल पाहा. त्या वर्षी थॉर्पची बेसबॉलमधील फटकेबाजीची सरासरी दर हजारी ३२७ होती, म्हणजे वरिष्ठ बेसबॉलमधील त्याची सर्वोत्तम. आणि त्याच वर्षी कँटन अजिंक्य. शोक झाल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी माणसे जगात पुष्कळ असतात. बोलपटास ती नको असतात. त्याने केलेले तीन विवाह बोलपटात एकावर आणिले आहेत, हा त्या मानाने किरकोळ अपराध.

उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगतो. मंदीच्या वर्षांत त्याने लॉस एंजलिसमध्ये कुदळ-फावडे चालविले, बोलपटांत बारीकसारीक कामे केली, आदिवासींची कामे आदिवासींसच मिळावी म्हणून खटपट केली, १९४५ साली व्यापारी जहाजावर नोकरी धरली. मॅरनिस या वणवणीस दुर्दैव न म्हणता चिवटपणा म्हणतात, व त्यात ते अगदी बरोबर आहेत. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने घेतलेल्या कौलात अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू तोच ठरला. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात लोमिता येथे तो वारला.

आमच्या प्रतिपादनावर सर्वांत मोठी हरकत खुद्द थॉर्पचीच आहे, हेही नमूद केले पाहिजे. कँटनचे २५० डॉलर त्यास पदकांच्या बदली पुरेसे वाटले नाहीत. पदके परत मिळावी ही इच्छा त्याच्या मनात अखेरपर्यंत होती, आणि त्याच्या मागून मुलांनी ती पुढे चालविली. एव्हरी ब्रंडेज हा १९१२ मध्ये त्याच्याच बरोबर दोन्ही स्पर्धांत उतरून मागे पडलेला स्पर्धक. तो १९५२ ते १९७२ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता व त्याने दाद लागू दिली नाही. पुढे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांस वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात, कपाटांमागे पडलेली १९१२ ची नियमपुस्तिका सापडली आणि तीस दिवसांची अट पुढे आली. समितीने १९८२ मध्ये निर्णय फिरविला. पण थॉर्पला संयुक्त विजेता ठरविले. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागावयास २०२२ चा जुलै उजाडावा लागला. म्हणजे निकाल शेवटी हरकतीच्या मुदतीवर लागला. उन्हाळ्यात बेसबॉल खेळून चार डॉलर घेणे हा गुन्हा होता की नव्हता, या प्रश्नास त्या नियमपुस्तिकेने हात लाविला नाही.

त्याच्या देहाचीही परवड झाली. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीने विधी चालू असता तिसऱ्या पत्नीने शवपेटी तेथून नेली. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक व ईस्ट मॉक चंक ही दोन ओढग्रस्त गावे एक होऊन त्यांनी ‘जिम थॉर्प’ हे नाव घेतले व त्यास आपल्याकडे पुरले. मुलांनी न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरविला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे नाकारिले. जमिनीच्या भाड्यासाठी अंमलदाराकडे अर्ज करणाऱ्या मुलाच्या हाडांसाठीही अर्जच करावे लागले. कबरीखाली ओक्लाहोमाची माती आहे आणि स्टॉकहोमच्या क्रीडांगणातीलही माती आणून घातली आहे. वर दगडावर कोरले आहे ते स्वीडनच्या राजाचे म्हणून सांगितले जाणारे ते वाक्य.